धूर, अग्नी आणि खोकला ऐकणारा फोन

मी डॉक्टर आहे, पण तत्त्वज्ञानातला. औषध लिहून द्यायचा अधिकार मला नाही. तरी मुलाचा खोकला ऐकून रोग सांगणाऱ्या ॲपवर आज बोलणार आहे, कारण प्रश्न अनुमानाचा आहे.

गेल्या पावसाळ्यात इथे मुळशीत शेजारचं दहा महिन्यांचं बाळ खोकत होतं. बापाने असलंच एक ॲप लावलं. उत्तर आलं, 'धोका कमी'. सगळे निर्धास्त. संध्याकाळी आशाताई आल्या, त्यांनी झबलं वर केलं. दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. म्हणाल्या, "दादा, फोन ठेवा, गाडी काढा." न्यूमोनिया निघाला. वेळेत पोचले म्हणून बाळ वाचलं.

आता नैयायिकांचं बघा. धुरावरून अग्नी कळतो, कारण अग्नीवाचून धूर नसतो. उलट मात्र चालत नाही. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. त्याला ओलं सरपण लागतं. या दडलेल्या अटीला ते 'उपाधी' म्हणतात. ॲपचं अनुमानही अशाच अटींवर उभं असतं: शांत खोली, जवळ धरलेला फोन, आधी औषध न दिलेलं मूल. ऑस्ट्रेलियातल्या 'रेसॲप'चे निकाल तिथल्या रुग्णालयांत चांगले आले. अमेरिकेतल्या २०१७च्या चाचणीत ते टिकले नाहीत. कंपनीनेच कारणं दिली: ध्वनिमुद्रणात मिसळलेले आवाज आणि आधीच सुरू झालेले उपचार. मग ताम्हिणीकडच्या पत्र्याच्या घरात, धो धो पावसात काय होईल?

दुसरं असं, की यंत्र शिकतं ते डॉक्टरांच्या निदानावरून. त्यांचंच जिथे दुमत, तिथे यंत्राची अचूकता म्हणजे त्यांच्या मताशी जुळणं. रोगाशी जुळणं नव्हे.

यंत्राला माझा विरोध नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांनी मणी आणि वाळूचं घड्याळ जोडून श्वास मोजायचं साधं साधन केलं. निरक्षर दायांनाही ते वापरता आलं. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे श्वास जलद, ही जागतिक आरोग्य संघटनेची खूण. त्या साधनाने फक्त मोजायला मदत केली. निर्णय गावातल्या शिकवून तयार केलेल्या माणसाचा, आणि औषधही त्याच्या हाती. चूक झाली तर जाब विचारायला तो गावातच होता. ॲपला जाब कुठे विचारायचा?

हिंजवडीही आपल्याच तालुक्यात. तिथल्या तरुणांना एवढंच सांगतो: ॲपच्या चुकीच्या 'होय'ने फार तर एक हेलपाटा पडतो, चुकीच्या 'नाही'ने रात्र हातची जाते. दोन्ही चुका एका मापाने मोजू नका.

आणि आईबापांनो, बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. छाती आत ओढली जात असेल, बाळ पीत नसेल, सुस्त पडलं असेल, तर फोनचा उपयोग एकच: १०८ लावायला.