‘जाने भी दो यारों’ : चाहत्यांचे हास्य आणि चित्रपटाचा अर्थ

विनोदी कलाकृतीच्या वाट्यास येणारी उपेक्षा दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात ती कलाकृती कोणी फारसे पाहतच नाही. ही उणीव काळाच्या ओघात भरून निघू शकते. दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. त्यात कलाकृतीवर लोक मनापासून लोभ करतात, तिच्यातील वाक्ये तोंडपाठ म्हणतात, परंतु तिला काही गंभीर सांगावयाचे असेल अशी शंकाही घेत नाहीत. कुंदन शहा यांनी दिग्दर्शित केलेला ‘जाने भी दो यारों’ (१९८३) हा हिंदी चित्रपट या दोन्ही अवस्थांतून गेला आहे.

राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या साहाय्याने, सुमारे सात लाख रुपयांत निर्माण झालेला हा चित्रपट प्रदर्शनाच्या वेळी फारसा चालला नाही. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठी दिला जाणारा राष्ट्रीय पुरस्कार त्यास लाभला; पण त्याचा खरा प्रेक्षकवर्ग पुढे दूरदर्शन आणि चित्रफिती यांच्या द्वारे हळूहळू जमत गेला. २०१२ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, तोवर त्याचे निष्ठावंत चाहते तयार झालेले होते. पुढचे वाक्य पडद्यावर उच्चारले जाण्यापूर्वीच ते स्वतः उच्चारणारा आणि विनोद घडण्याआधीच हसू लागणारा हा रसिक समीक्षेने सहसा विचारात घेतलेला नाही. त्याच्या या हास्याचे स्वरूप काय, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे.

कथानक थोडक्यात असे. विनोद आणि सुधीर हे मुंबईतील दोन होतकरू छायाचित्रकार. ‘खबरदार’ या नियतकालिकाची संपादिका शोभा सेन त्यांना तरनेजा हा बांधकाम व्यावसायिक व महापालिका आयुक्त डिमेलो यांच्या संगनमताची छायाचित्रे घेण्याच्या कामी लावते. एका उद्यानात घेतलेले छायाचित्र मोठे करून पाहता त्यात खून दिसू लागतो. आयुक्ताचे प्रेत हाती येते, हरवते, पुन्हा सापडते. आणि त्याच्या मागे शहरातील सर्व प्रतिष्ठित मंडळी धावू लागतात.

चाहत्यांच्या आठवणीत प्रथम येतो तो रंगमंचावरील द्रौपदीवस्त्रहरणाचा प्रवेश. आयुक्ताचे प्रेत द्रौपदीच्या वेषात उभे आहे, आणि ते हातचे जाऊ नये म्हणून एकेक जण पौराणिक पोशाख चढवून नाटकात घुसतो आहे. या प्रवेशाची गंमत धावपळीत आहे असे वरवर वाटते. तिचा खरा उगम मात्र भाषेत आहे. अभिनवगुप्ताने अनौचित्य हे हास्याचे मूळ मानले. येथील अनौचित्य भाषिक स्तरांच्या संकराचे आहे. पौराणिक नाटकाची संस्कृतप्रचुर हिंदी चालू असताना भीमाच्या वेषातील दुसरा बांधकाम व्यावसायिक आहुजा द्रौपदीवरील हक्काविषयी भागधारकांच्या परिभाषेत बोलू लागतो. पुढे तर कौरवसभेत अकबर अवतरतो आणि दरबारी उर्दूचा थाट सुरू होतो. अंध धृतराष्ट्र काय चालले आहे हे वारंवार विचारतो, आणि त्यास समाधानकारक उत्तर कोणीही देत नाही.

हा प्रवेश एकाकी नाही, ही गोष्ट त्याच्या प्रसिद्धीमुळे झाकली जाते. दूरध्वनीच्या प्रवेशात एकाच खोलीत असलेली दोन माणसे एकमेकांशी दूरध्वनीवरून बोलतात. रात्री रस्त्यावर सापडलेली शवपेटी ही नादुरुस्त मोटार आहे असे समजून मद्यधुंद आहुजा आतल्या प्रेताशी आपुलकीने संभाषण करतो. दिवंगत आयुक्ताच्या गौरवपर भाषणात गटारांचा महिमा राष्ट्रोन्नतीच्या भारदस्त शब्दांत गायिला जातो. चारही ठिकाणी शब्दांचा प्रवाह अखंड चालू आहे, पण शब्द आणि वस्तू यांचा सांधा निखळलेला आहे. सार्वजनिक जीवनातील भाषा वस्तुस्थिती लपविण्यासाठी वापरली जाऊ लागली की बोलणाऱ्यास समोरचे प्रेतही दिसत नाही, असे या चित्रपटाचे सूत्र सांगता येईल.

संपादिकेच्या भूमिकेतील भक्ती बर्वे यांची निवड मराठी प्रेक्षकास याच दृष्टीने अर्थपूर्ण वाटावी. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’ (१९७५) या नाटकात त्यांनी साकारलेली मंजुळा शुद्ध बोलणे शिकते आणि त्या बोलण्याबरोबर तिला आत्मभान येते. शोभा सेनचे सफाईदार बोलणे मात्र सत्याची बाजू मांडता मांडता खंडणीचे साधन ठरते. एकाच अभिनेत्रीच्या मुखातून भाषेची दोन टोके प्रकट झाली आहेत.

न. चिं. केळकरांनी १९२१ मध्ये बडोदे येथील साहित्यसंमेलनात वाङ्मयानंदास ‘सविकल्प समाधी’ म्हटले. आपले स्वत्व न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरणे, हा तिचा आशय. चाहत्याच्या पुनःपुन्हा पाहण्यास ही कल्पना लावून पाहता एक महत्त्वाचा भेद हाती लागतो. प्रथम पाहणारा निर्धास्तपणे हसतो, आणि शेवट त्यास अनपेक्षित धक्का देतो. पूल कोसळल्याचा दोष या दोन निरपराध तरुणांवर येतो. खुनी, प्रतिस्पर्धी, पत्रकार आणि पोलीस यांचे परस्परांत जमते. अखेरीस कैद्यांच्या वेषात रस्त्यावरून चालणारे विनोद आणि सुधीर प्रेक्षकांकडे वळून गळा कापल्याची खूण करतात, आणि पार्श्वभूमीवर शाळाशाळांतून म्हटले जाणारे आशेचे समूहगीत चालू असते. दहाव्यांदा पाहणाऱ्यास ही खूण पहिल्या दृश्यापासून ठाऊक असते. त्याने या ज्ञानासह हसावयाचे ठरविले, तर त्याचे हास्य प्रथम प्रेक्षकाच्या हास्याहून अधिक प्रगल्भ ठरेल. कारण दोन्ही तरुणांचा भाबडेपणा आणि त्याचे मोल ही त्यास एकाच वेळी दिसत असतात.

तथापि चाहते बहुधा हे ज्ञान बाजूस ठेवतात. वस्त्रहरणाचा प्रवेश सुटा काढून पाहिला व दाखविला जातो. प्रेत हे निव्वळ एक हास्यकारक वस्तू उरते, आणि ते कोणाचे व कशामुळे, याचे विस्मरण होते. ज्या प्रेमाने चित्रपटास विस्मृतीतून वाचविले, त्याच प्रेमाने त्याचा दंश काढून घेतला. याचा दोष एकट्या चाहत्यांना देणे न्याय्य होणार नाही. विनोदाला दुय्यम मानून त्याची चिकित्सा टाळणाऱ्या समीक्षेनेच त्यांना सुट्या प्रवेशांवर संतुष्ट राहावयास शिकविले. ‘जाने भी दो’ म्हणजे ‘जाऊ द्या’. शीर्षकातील हा उद्गार चित्रपटात ज्यांचे फावते त्यांच्या सोयीचा आहे. शेवटची खूण करताना ते दोघे प्रेक्षकांकडे पाहतात, आणि तेथे तरी जाऊ देणे चाहत्यालाही परवडणारे नाही.