हस्सूखाँच्या मृत्यूची कथा : आरोपाची भाषा आणि आरोपाचा पुरावा

ग्वाल्हेर घराण्याची हकीकत मराठीत ज्या ज्या ठिकाणी सांगितली जाते, त्या त्या ठिकाणी एक मृत्यू हटकून सांगितला जातो. शिंदे दरबारी बडे महंमदखाँ हे ख्यालिये होते आणि त्यांच्या तानेचा मोठा दरारा होता. ही तान आपल्या आश्रयाखालच्या हद्दूखाँ-हस्सूखाँ या तरुण बंधूंच्या गळ्यात उतरावी असे महाराजांच्या मनात आले. महंमदखाँ ती राजीखुशीने शिकवणार नाहीत हे उघड होते. तेव्हा महाराजांनी या दोघांना पडद्याआड (काहींच्या मते सिंहासनाखाली) बसवून त्यांचे गाणे ऐकण्याची सोय केली. पुढे भर दरबारात दोघे भाऊ तीच गायकी गाऊ लागले आणि महंमदखाँना आपण लुटले गेल्याचे कळले. काही काळाने पुन्हा एक बैठक झाली. हस्सूखाँनी मियाँमल्हारात 'कडक बिजली'ची तान घेतली. महंमदखाँनी तोंडभर स्तुती करून ती पुन्हा ऐकवण्याचा आग्रह धरला. दुसऱ्या वेळी हस्सूखाँची बरगडी सरकली व तोंडातून रक्त आले. शेजारी बसलेले आजोबा नत्थन पीरबक्ष यांनी शेल्याने ते रक्त पुसले आणि मरायचेच असेल तर तान पुरी करून मर, असे नातवाला बजावले. तान पुरी झाली. हस्सूखाँ त्यातून उठले नाहीत.

काही कथनांत ही तान 'हाथी-चिंघाड' म्हणून येते. राग व स्थळही बदलते. बदलत नाही तो निकाल. महंमदखाँनी कपटाने हस्सूखाँचा जीव घेतला, हे वाक्य कथेच्या शेवटी बहुधा असतेच, आणि नसले तर ऐकणारा ते मनातल्या मनात उच्चारतो.

संगीताच्या या प्रकरणात भाषाभ्यासकाने लक्ष का घालावे, असा प्रश्न विचारला जाणे साहजिक आहे. एक कारण स्थानिक आहे. हस्सूखाँचे शिष्य म्हणून ओळखले जाणारे वासुदेवबुवा जोशी, त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९-१९२६) आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२-१९३१) अशी ही परंपरा आहे. विष्णु दिगंबरांनी आयुष्याच्या उत्तरार्धात नाशिकास रामनाम आधार आश्रम स्थापून येथेच वास्तव्य केले. त्यामुळे हस्सूखाँचा मृत्यू ही आमच्या गावात दूरची गोष्ट राहिलेली नाही. येथील विद्यार्थी ती गुरुमुखातून ऐकत आला आहे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. एका नामवंत कलावंतावर मनुष्यवधाचा आरोप दीडशे वर्षांच्या आसपास चालू आहे, आणि त्या आरोपाचा सारा डोलारा साक्षीवर वा कागदावर उभा नसून सांगण्याच्या पद्धतीवर उभा आहे. सांगण्याची पद्धत हे आमचे क्षेत्र.

मराठीत 'म्हणणे' या एका धातूने किती कामे पत्करली आहेत हे व्याकरणाच्या विद्यार्थ्याला ठाऊक आहे. 'महंमदखाँ फार चिडले म्हणे' यातील 'म्हणे' हे रूप क्रियापदाच्या पदावरून उतरून अव्यय झाले आहे. ते बोलणाऱ्याची जबाबदारी कमी करते; ऐकीव माहितीवर ऐकीवपणाचा शिक्का मारते. 'हस्सूखाँ म्हणून एक गवई' यातील 'म्हणून' नाम सांगते. आणि 'महंमदखाँनी आग्रह केला म्हणून हस्सूखाँनी तान पुन्हा घेतली' यातील 'म्हणून' थेट कारण सांगते. उक्ती आणि कारण यांना एकाच धातूचे रूप पुरवण्याची ही रीत कन्नडादी द्राविड भाषांतही आढळते, आणि संस्कृत 'इति'चा व्यापही येथे आठवावा. प्रस्तुत विषयात तिचा परिणाम असा होतो : तोंडी सांगताना कथेत 'म्हणे' पदोपदी येतो, आणि सांगणारा प्रामाणिक राहतो. कथा छापील पानावर आली की हा 'म्हणे' ग्राम्य वाटून गाळला जातो, परंतु 'म्हणून' मात्र कायम राहतो. ऐकीवपणाचा शिक्का पुसला जातो आणि कार्यकारणाचा धागा तेवढा उरतो. संपादकाने भाषा शुद्ध केली. त्या शुद्धीत एक माणूस संशयिताचा अपराधी झाला.

हा धागा मुळात कोणत्या दोन गोष्टी जोडतो तेही पाहावे. पुढे बसलेल्या बुजुर्ग गवयाने दाद दिली. गाणाऱ्याने जागा पुन्हा घेतली. मैफलीत यापेक्षा नित्याची घटना नसेल. या दोन घटनांमध्ये वैर घालायचे तर महंमदखाँच्या मनात काय होते हे कळले पाहिजे, आणि ते कथनकाराखेरीज कोणालाच कळलेले नाही. 'दाद' हा शब्द येथे मुद्दाम वापरला. फारसीत त्याचा मूळ अर्थ न्याय असा आहे. आपण गाण्याला दाद देतो आणि अन्यायाविरुद्ध दाद मागतो. हस्सूखाँच्या कथेत पहिल्या अर्थाची दाद हेच हत्यार ठरवले गेले आणि दुसऱ्या अर्थाची दाद आरोपीला कधी मिळाली नाही.

आता क्रियापदे. 'तान घेतली', 'तान घ्यायला लावली', 'तान घेऊ दिली', 'तान घेववली' या चार रूपांत कर्तृत्वाची वाटणी चार प्रकारांची आहे. 'लावणे' या सहायक क्रियापदात सक्ती येते. 'देणे' यात अनुज्ञा येते, म्हणजे अडवण्याची शक्ती असूनही न अडवणे येते. कथेतील माणसांना ही रूपे लावून पाहू. महंमदखाँनी विनंती केली. ते प्रतिस्पर्धी होते. त्यांच्या शब्दाला दरबारात आज्ञेचे बळ नव्हते. हस्सूखाँना ती नाकारता आली असती. महाराजांना मात्र बैठक थांबवता येत होती. त्यांनी गाऊ दिले. आणि रक्त दिसल्यानंतर नि:संदिग्ध आज्ञार्थी वाक्य ज्यांच्या तोंडी येते ते तर घरचेच आजोबा आहेत. कथेतला एकमेव आज्ञार्थ नत्थन पीरबक्षांचा आहे. विनंती करणारा खुनी ठरला, अनुज्ञा देणारा रसिक आश्रयदाता राहिला आणि आज्ञा करणारा घराण्याच्या इभ्रतीचा पुतळा झाला. हा प्रसंग सांगताना आजोबांच्या वाक्याशी सांगणाऱ्याचा आवाज कातर होतो आणि ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो. त्या वाक्यात एका तरुण गायकाचा जीव तानेपेक्षा स्वस्त ठरवला गेला आहे, हे बोलून दाखवणे असभ्यपणाचे मानले जाते. मला ते सांगितलेच पाहिजे असे वाटते. शोषण हा शब्द वापरायचा असेल तर त्याचे पहिले स्थान येथे आहे.

दुसरे स्थान पडद्याआड आहे. मराठीत परक्याची वस्तू त्याच्या संमतीवाचून घेण्याला 'चोरणे' हा साधा शब्द असताना या कथेत हद्दूखाँ-हस्सूखाँनी गायकी 'उचलली', 'आत्मसात केली', 'हस्तगत केली' असे शब्द योजले जातात. आश्रयदात्याने एका नोकराची विद्या दुसऱ्या नोकरांकरवी काढून घेतली. पगार देणाऱ्याने कारागिराचे हत्यार पळवले. विश्वासघात हा शब्द कोणत्या कृतीला प्रथम शोभतो याचा वाचकांनी विचार करावा. ज्या काळी विद्या हीच कलावंताची एकमेव मिळकत होती, त्या काळी महंमदखाँचे नुकसान लहान नव्हते. ते पुढे रीवा दरबारी गेले, हे या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

कथेच्या रचनेचा हेतू यावरून उलगडतो. ग्वाल्हेर गायकीच्या तानेवर महंमदखाँचे ऋण आहे, हे खुद्द ग्वाल्हेरचीच कथा कबूल करते. पडद्याचा प्रसंग म्हणजे त्या ऋणाची पावती होय. परंतु ऋणको राहणे घराण्याला मानवत नाही. म्हणून दुसऱ्या प्रसंगात धनकोलाच मारेकरी केले आहे. एक प्राण गेला की कर्ज फिटते, किंबहुना उलट बाजूला थकते. काही कथनांत याच्याही आधी आणखी एक खून जोडलेला असतो : लखनौस शक्करखाँच्या, म्हणजे महंमदखाँच्या वडिलांच्या, पक्षाने हद्दू-हस्सूंचे वडील कादरबक्ष यांचा घात केला आणि म्हणूनच (पुन्हा 'म्हणून'!) नत्थन पीरबक्ष नातवंडांना घेऊन ग्वाल्हेरीस आले. अशा रीतीने चोरी ही दोन हत्यांच्या मध्ये बसते आणि जवळजवळ दिसेनाशी होते. महाराजांचे नावही स्थिर नाही. कोठे दौलतराव (कारकीर्द १७९४-१८२७), कोठे जनकोजीराव (१८२७-१८४३), कोठे नुसते 'महाराज'. व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली रशियन परीकथांविषयी दाखवून दिले की पात्रे बदलतात आणि कार्ये टिकतात. येथेही सिंहासनावरचा माणूस बदलतो आणि सिंहासनाचे कार्य तेच राहते. अर्थात यावरून सगळी कथा कपोलकल्पित ठरते असे नव्हे. साच्यात ओतलेले सोने खोटे असते असा नियम नाही. परंतु साचा ओळखल्यावाचून त्यातील धातू पारखता येत नाही.

शरीरशास्त्राच्या बाजूने थोडेसेच. निरोगी माणसाची बरगडी तान घेतल्याने सरकून मृत्यू येणे संभवत नाही. जोरकस खोकल्याने मात्र बरगडीला तडा जाऊ शकतो, आणि क्षयाने पोखरलेल्या फुफ्फुसातील रक्तवाहिनी फुटून तोंडावाटे रक्त येणे हे त्या काळच्या हिंदुस्थानात पुष्कळांनी पाहिलेले दृश्य होते. कथेतील रक्त खरे असेल तर ते आजाराचे असण्याचा संभव अधिक. मग प्रश्न असा उरतो की आजारी गायकाला गायला कोणी बसवले. आणि त्याचे उत्तर महंमदखाँकडे बोट दाखवत नाही.

युरोपातील एक प्रकरण तुलनेस घेण्याजोगे आहे. मोत्सार्ट ५ डिसेंबर १७९१ रोजी व्हिएन्ना येथे पस्तिसाव्या वर्षी वारला. दरबारी संगीतकार सालिएरी याने त्याला विष घातले अशी वदंता पुढे पसरली. पुश्किनने १८३० साली तिच्यावर छोटे नाटक लिहिले व वदंतेला वाङ्मयाचे अमरत्व दिले. पण सालिएरीच्या बाजूने बोलणारे कागद उरले. म्हातारपणी त्याची शुश्रूषा करणाऱ्या दोघांनी, त्याने असा कोणताही कबुलीजबाब दिला नाही, असे लेखी निवेदन केले. मोत्सार्टच्या धाकट्या मुलाला त्याने शिकवले होते, ही गोष्टही त्याच्या पारड्यात पडते. महंमदखाँच्या पारड्यात टाकायला असा कागद नाही. प्रतिस्पर्ध्याने पानाच्या विड्यातून शेंदूर घालून आवाज बसवल्याच्या कथा आपल्याकडे इतक्या गायकांविषयी सांगतात की विडा हा गवयांच्या चरित्रातील एक अलंकार झाला आहे.

याउलट, जेथे शोषणाचा प्रश्न खरोखर विचारता येतो तेथे आमची परंपरा मौन पाळते. हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ यांचे उदाहरण घ्या. अफूच्या व्यसनात व मनाच्या विकल अवस्थेत, काशीस दैन्यात ते विष्णुपंत छत्रे यांना आढळले. छत्रे स्वतः हद्दूखाँचे शिष्य आणि सर्कशीचे मालक. त्यांनी रहिमतखाँना जवळ ठेवले, सांभाळले, सर्कशीबरोबर गावोगाव नेले आणि त्यांचे गाणे लोकांना ऐकवले. छत्रे १९०५ साली वारल्यावर त्यांच्या कुटुंबीयांनीही रहिमतखाँचा प्रतिपाळ केला. १९२२ साली कुरुंदवाडास ते निवर्तले. गुरुपुत्राचा सांभाळ ही थोर निष्ठा होय, यात शंका नाही. तरीही 'सांभाळले' आणि 'गाऊन घेतले' ही दोन्ही क्रियापदे येथे एकाच वेळी खरी आहेत. '-ऊन घेणे' या रचनेत क्रियेचे फळ करविणाऱ्याकडे जाते, हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतो. ज्याला स्वतःच्या इच्छेचे भान उरलेले नाही अशा कलावंताकडून गाऊन घेण्याचा हिशेब कसा मांडायचा, याची चर्चा मराठी संगीतचरित्रांत फारशी दिसत नाही. तेथे खलनायक सापडत नाही, हे त्याचे कारण असावे. खलनायक मिळाला की आपण निकाल देतो. न मिळाला की प्रश्नच सोडून देतो.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. आरोपी पक्षाची गायकीही महाराष्ट्रातच आली आहे. बडे महंमदखाँचे पुत्र मुबारक अलीखाँ यांच्या गाण्याचा खोल ठसा अल्लादियाखाँ (१८५५-१९४६) यांच्यावर उमटला. आपल्या नातवाला सांगितलेल्या, व २००० साली इंग्रजीत ग्रंथरूपाने आलेल्या, आठवणींत त्यांनी मुबारक अलींविषयीचा आदर प्रकट केला आहे. अल्लादियाखाँ कोल्हापुरास राहिले. केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर त्यांच्या शिष्या. म्हणजे ज्याची तान प्राणघातक म्हणून एका घराण्यात सांगितली जाते, त्याच्या मुलाची तान पश्चिम महाराष्ट्रात दुसऱ्या एका घराण्याचे भूषण होऊन बसली. मिरज-इचलकरंजी आणि कोल्हापूर यांतील अंतर किती आहे हे सांगायला नको. या दोन परंपरांच्या शिष्यांनी हस्सूखाँच्या मृत्यूची हकीकत एकमेकांपुढे ठेवून पडताळल्याचे मात्र माझ्या पाहण्यात नाही.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना यात काम आहे. ग्वाल्हेर परंपरेतील व जयपूर परंपरेतील वृद्ध गायक-गायिकांकडून ही कथा त्यांच्या शब्दांत, तोडमोड न करता, ध्वनिमुद्रित करून घ्यावी. लिप्यंतर करताना 'म्हणे', 'असे सांगतात', 'आमचे बुवा सांगायचे' यांतील एकही शब्द गाळू नये. प्रत्येक पाठात आग्रह कोण करतो, परवानगी कोण देतो, आज्ञा कोणाच्या तोंडी येते आणि 'कपट' हा शब्द सांगणारा स्वतःच्या जबाबदारीवर उच्चारतो की दुसऱ्याच्या नावे, याची नोंद करावी. मुद्रित पाठ त्यानंतर त्यांच्याशेजारी मांडावेत. कामास बसण्यापूर्वी सांगणाऱ्याची गुरुपरंपरा विचारून घ्यावी आणि ती टिपणाच्या पहिल्या ओळीत लिहावी.