संख्या, गुणवत्ता आणि समता : भारतीय शिक्षणव्यवस्थेच्या बलस्थानांची व उणिवांची चिकित्सा

प्रस्तावना

समता, गुणवत्ता आणि संख्या हा भारतीय शिक्षणातील सतत हुलकावणी देणारा त्रिकोण आहे, अशी मांडणी करणारा जे. पी. नाईक यांचा ग्रंथ १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील असलेले नाईक हे कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव होते. व्यवस्था आतून पाहिलेल्या व्यक्तीचे हे निदान असल्यामुळे त्याला विशेष महत्त्व प्राप्त होते. या त्रिकोणाच्या आधारे भारतीय शिक्षणव्यवस्थेची बलस्थाने व उणिवा तपासणे आणि 'संख्या वाढली म्हणून दर्जा घसरला' या रूढ समजाची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बलस्थाने

भारतीय शिक्षणाचे सर्वांत मोठे यश म्हणजे त्याचा विस्तार होय. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के, तर स्त्रियांची साक्षरता जेमतेम ९ टक्के होती. २०११ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ७३ व ६५ टक्क्यांपर्यंत पोहोचले. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. त्या वर्षी एकूण नोंदणीचे स्थूल प्रमाण २८.४, तर मुलींचे २८.५ इतके होते. ज्या समाजात मुलीने उंबरठा ओलांडणे हाच वादाचा विषय होता, तेथे घडलेले हे परिवर्तन सामान्य नव्हे.

या विस्तारामागे शासन आणि समाज या दोहोंचे श्रम आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने बहुजन समाजातील मुलांना वसतिगृह आणि 'कमवा व शिका' या मार्गांनी शिक्षणाच्या प्रवाहात आणले. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशामुळे शाळेत शिजवलेले अन्न देणे राज्यांवर बंधनकारक झाले. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयोगटातील शिक्षणाला मूलभूत हक्काचा दर्जा दिला आणि त्याची अंमलबजावणी करणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. म्हणजेच शिक्षण ही दया नसून हक्क आहे, हे तत्त्व व्यवस्थेने निदान कागदोपत्री तरी मान्य केले.

उणिवा

शाळेत नाव असणे आणि शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' अहवालांतून हे वास्तव २००५ पासून वारंवार समोर येत आहे. २०१८ च्या अहवालानुसार ग्रामीण भागातील पाचवीच्या सुमारे निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत होता. कोरोनाकाळानंतर, २०२२ मध्ये, हे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांपर्यंत खाली आले. शालेय प्रसारात अग्रेसर मानली जाणारी तामिळनाडू व हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये 'पिसा २००९' या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या विस्तारित फेरीत सहभागी झाली, तेव्हा त्यांचे स्थान यादीच्या तळाशी लागले. पुढच्या फेरीत भारत सहभागीच झाला नाही. आरशात दिसलेला चेहरा आवडला नाही म्हणून आरसाच दूर सारण्याचा हा प्रकार होता.

उच्च शिक्षणातील उणिवेचे मूळ अधिक जुने आहे. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर संलग्नता देणारी आणि परीक्षा घेणारी होती. अध्यापन महाविद्यालयाने करायचे आणि मूल्यमापन विद्यापीठाने करायचे, ही विभागणी तेव्हापासून रुजली. शिकवणारा काय तपासावे हे ठरवत नाही आणि तपासणाऱ्याला कोणाला शिकवले गेले हे ठाऊक नसते. परिणामी प्रश्नपत्रिका हाच अभ्यासक्रम आणि 'अपेक्षित प्रश्नसंच' हाच ग्रंथ बनतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने संलग्नता पद्धत टप्प्याटप्प्याने संपविण्याचे सूचित केले आहे. परंतु अध्यापक व निधी यांच्याविना मिळणारी स्वायत्तता ही केवळ जबाबदारीचे हस्तांतरण ठरण्याचा धोका आहे.

'गर्दीमुळे दर्जा घसरला' या समजाची चिकित्सा

प्राध्यापक वर्गातही हा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो. तो तपासून पाहता टिकत नाही. पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान यांवर भर देणारे 'निपुण भारत' अभियान २०२१ मध्ये सुरू झाले. त्यानंतरच्या 'असर' अहवालांनुसार ग्रामीण शासकीय शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०२२ मधील सुमारे १६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये सुमारे २३ टक्क्यांवर गेले. या वाढीचे सर्व श्रेय एका अभियानाला देता येणार नाही, कारण शाळा पूर्ववत सुरू होण्याचाही त्यात वाटा आहे. तथापि हे प्रमाण २०१८ च्या सुमारे २१ टक्क्यांच्याही पुढे गेले, ही बाब लक्षणीय आहे. दर्जा उंचावण्यासाठी कोणालाही शाळेबाहेर काढावे लागले नाही.

दर्जाची हानी संख्येने नव्हे, तर संख्या स्वस्तात सामावून घेण्याच्या धोरणाने केली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च शिक्षणावर व्हावा, ही कोठारी आयोगाची शिफारस १९८५-८६ पर्यंत साध्य होणे अपेक्षित होते. ते लक्ष्य आजवर गाठले गेलेले नाही आणि २०२० च्या धोरणाला तोच आकडा पुन्हा लिहावा लागला. ही तूट प्रामुख्याने शिक्षकाच्या वेतनातून भरून काढली गेली. महाराष्ट्रात २००० पासून शाळांत मानधनावरील शिक्षणसेवक आले. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरील अध्यापक हा अपवाद न राहता रिवाज झाला. ज्याला पुढील सत्रात आपण येथे असू की नाही हे माहीत नसते, त्याच्याकडून विद्यार्थ्याच्या तीन वर्षांच्या जडणघडणीची अपेक्षा कशी करावी?

समतेचा कोन

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर दिलेल्या निवेदनात शेतकऱ्यांच्या श्रमातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होत असल्याकडे लक्ष वेधले होते आणि बारा वर्षे वयापर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली होती. कोठारी आयोगाने पुरस्कारलेली समान शाळा पद्धती हे त्याच विचाराचे पुढचे पाऊल होते. ती प्रत्यक्षात आली नाही. पालकांच्या ऐपतीनुसार शाळांचे स्तर पडत गेले आणि शासकीय शाळा ही ज्यांना दुसरा पर्याय नाही त्यांचीच उरली. ज्यांच्या शब्दाला वजन आहे, त्यांची मुले शाळेतून बाहेर पडली की त्या शाळेसाठी भांडणारेही कमी होतात. अशा रीतीने विषमताच गुणवत्तेचा ऱ्हास घडवून आणते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, त्रिकोणाच्या तीन कोनांपैकी संख्येचा कोन भारताने बऱ्याच अंशी साधला. उरलेले दोन कोन परस्परविरोधी नसून एकमेकांवर अवलंबून आहेत. घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेला विद्यार्थी हे या व्यवस्थेचे खरे यश होय. मात्र त्याच्या हाती पदवी देऊन, तिच्यामागचे ज्ञान देण्यात ती कमी पडली, तर झालेली फसवणूक त्याच्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून गर्दीला दोष देण्याऐवजी वर्गात कायमस्वरूपी शिक्षक, त्या शिक्षकाच्या हाती मूल्यमापनाचा अधिकार आणि १९६६ पासून थकलेला निधी, या तीन मागण्यांचा आग्रह प्राध्यापक वर्गानेच धरणे अगत्याचे आहे.