स्वरलेखन आणि यंत्राचे वाचन

लिपी म्हणजे भाषा नव्हे, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकास आरंभीच शिकावे लागते. वाचकाजवळ जे अलिखित ज्ञान असते, त्याच्या भरवशावर लेखक पुष्कळ गोष्टी लिहावयाच्या सोडून देतो. संगीताच्या लेखनाचीही हीच स्थिती आहे. भातखंडे व पलुसकर ह्यांच्या स्वरलेखन-पद्धती आपल्या परिचयाच्या आहेत. परंतु त्यांत लिहिलेली बंदिश गुरुमुखावाचून पुरी होत नाही. पाश्चात्य वाद्यवृंदाचे पंचरेषी लेखन अधिक तपशीलवार असले, तरी तेही वादकाच्या संस्कारावरच उभे असते. १९८८ मधील ‘फिनाले’ (जिचा विकास २०२४ साली थांबविण्यात आला), १९९३ मधील ‘सिबेलियस’ आणि २०१६ मधील ‘डोरिको’ ह्या संगणक-प्रणालींनी ह्या व्यवहारात एक नवा वाचक आणला. रचनाकाराने स्वर मांडावा आणि यंत्राने तो आभासी वाद्यांवर तत्काळ वाजवून दाखवावा, असा हा प्रकार आहे. ह्या वाचकावर कितपत विसंबावे, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

प्रथम त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. साठ-सत्तर वादकांचा वृंद कोणत्याही विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. २०२२ च्या डिसेंबरात ‘म्यूझस्कोर’च्या चौथ्या आवृत्तीबरोबर वाद्यवृंदाचे ध्वनी विनामूल्य मिळू लागले, ही त्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

अडचण आहे ती ध्वनिसंग्रहाच्या घडणीत. ह्या संग्रहांसाठी प्रत्येक वाद्याचे स्वर बहुधा सुटे सुटे ध्वनिमुद्रित केलेले असतात. शब्दकोशातील शब्द ओळीने उच्चारले म्हणजे वाक्य होत नाही; बोलताना प्रत्येक ध्वनी शेजारच्या ध्वनीने रंगलेला असतो. निर्मात्यांना ही उणीव ठाऊक आहे. ‘व्हिएन्ना सिंफनिक लायब्ररी’ने दोन स्वरांमधील संक्रमणेही मुद्रित केली. ‘नोटपरफॉर्मर’ पुढचा मजकूर सुमारे एक सेकंद आधी वाचून स्वरवाक्य घडविते. पहिल्याने संधीची सोय केली, दुसऱ्याने वाक्याकडे दृष्टी वळविली, असे म्हणता येईल.

तथापि चिन्हाच्या अर्थाचा प्रश्न शिल्लक राहतोच. ‘पियानो’, म्हणजे ‘हळू’, हे चिन्ह बासरीच्या मंद्र स्वरावर असो की ट्रॉम्बोनवर असो, वादक त्याचा अर्थ भोवतालचे ऐकून ठरवितो. तीन ट्रॉम्बोन जोरात वाजत असताना बासरीचा मंद्र स्वर सभागृहात ऐकूच येणार नाही. यंत्रात मात्र एक कळ वर सरकविली की तो स्पष्ट उमटतो. वाद्याच्या पल्ल्याबाहेरचा स्वर ‘सिबेलियस’ तांबडा करून दाखविते, हे खरे. पण श्वास न घेता वाजवावयाची दीर्घ स्वरपंक्ती ती निमूटपणे वाजविते. व्याकरणाने शुद्ध, परंतु कोणाच्याही मुखी न येणारे असे हे वाक्य होय.

राव्हेलच्या ‘बोलेरो’ (१९२८) मधील एक स्थळ ह्या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे फ्रेंच हॉर्न मुख्य धून वाजवितो, सेलेस्टा ती वरच्या सप्तकांत धरते आणि दोन पिकोलो तीच धून हॉर्नच्या पंचमावरून व गंधारावरून वाजवितात. तंबोऱ्यातून स्वयंभू स्वर उमटावेत, तसे हे स्वर हॉर्नच्या नादात विरघळून एक नवेच वाद्य कानी यावे, अशी ही योजना आहे. हे विरघळणे वादकांच्या परस्पर-श्रवणावर अवलंबून असते. पिकोलो किंचित पुढे आले की एका वाद्याच्या जागी तीन निरनिराळ्या धुना ऐकू येतात. यंत्रातील वाद्ये एकमेकांना ऐकत नाहीत; त्यांचा तोल लेखकाने बाहेरून बसवावा लागतो, आणि तो बसविताना कागदावरचे लेखन मात्र जसेच्या तसे राहते.

खरा धोका येथेच आहे. विद्यार्थी आपल्या रचनेचा निवाडा ह्या ध्वनीवरून करू लागला, की यंत्राला जे साधते तेच तो लिहू लागतो आणि जे साधत नाही ते खोडतो. अशाने त्याची लेखनशैली ज्या वाचकाला अनुभवच नाही त्याच्या बेताची होत जाते. आमच्या मते हा यंत्रवाचक उत्तम मुद्रितशोधक आहे. चुकलेला स्वर आणि सुटलेली मात्रा तो अचूक दाखवितो. त्या कामी त्याचा उपयोग अवश्य करावा. परंतु रचना पुरी झाली असे म्हणण्यापूर्वी तिचे एक तरी पान एखाद्या हाडामांसाच्या वादकापुढे ठेवावे आणि तो कोठे अडखळतो ते पाहावे. लेखनाची परीक्षा त्या अडखळण्यातच होते.