एअरीचा वृत्तांत आणि त्यातील पत्रे

13 नोव्हेंबर 1846 रोजी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढे ग्रिनिचचा राजज्योतिर्विद जॉर्ज बिडेल एअरी ह्याने एक वृत्तांत वाचला. युरेनस ग्रहाच्या, म्हणजे मराठीत ज्याला प्रजापती म्हणतात त्याच्या, पलीकडे सापडलेल्या नव्या ग्रहाच्या शोधाशी ऐतिहासिक दृष्ट्या निगडित असलेल्या घटनांचा हा वृत्तांत होय. शोध लागून दोन महिनेही झाले नव्हते. फ्रान्समध्ये ल व्हेरिएच्या यशाचा जयघोष चालू होता, आणि केंब्रिजच्या ॲडम्स नामक तरुणाने तेच गणित वर्षभर आधी करून ग्रिनिचला पोचवले होते ही वार्ता जॉन हर्शेलच्या 3 ऑक्टोबरच्या ॲथीनियममधील पत्रामुळे जाहीर झाली होती. ग्रिनिचने मग केले काय, हा प्रश्न इंग्लंडात उघडपणे विचारला जात होता. एअरीने त्याला दिलेले उत्तर युक्तिवादाच्या रूपात नाही. त्याने आपल्या संग्रहातील पत्रे क्रमांक घालून, तारीखवार, एकामागून एक मांडली आणि मध्ये जोडण्यापुरतीच स्वतःची वाक्ये घातली.

ज्योतिषाच्या इतिहासकारांनी हा वृत्तांत साधन म्हणून पुष्कळ वापरला आहे. पत्रवाङ्मयाची एक रचना म्हणून मात्र त्याच्याकडे क्वचितच पाहिले जाते, आणि तसे पाहिल्यावाचून त्याचे बळ कळत नाही, त्याचे वैगुण्यही कळत नाही.

एअरी हा कागद जपणारा मनुष्य होता. आलेले प्रत्येक पत्र आणि गेलेल्या पत्राची प्रत ठेवणे हा त्याच्या वेधशाळेचा नित्यधर्म होता. ह्या सवयीची समकालीनांनी थट्टाही केली. परंतु वृत्तांताचा सारा अधिकार ह्याच सवयीतून आलेला आहे. पहिलेच पत्र 1834 चे आहे. थॉमस हसी नावाच्या धर्मोपदेशकाने त्या वर्षीच्या नोव्हेंबरात एअरीला सुचवले होते की, युरेनसच्या गतीतील विसंगती पलीकडच्या एखाद्या अज्ञात ग्रहामुळे असावी आणि त्याचा शोध घेता येईल. त्या वेळी केंब्रिजला असलेल्या एअरीने उत्तर दिले ते निरुत्साहाचे: विसंगतीचे स्वरूप युरेनसच्या अनेक प्रदक्षिणांनी निश्चित होईपर्यंत बाह्य ग्रहाचे स्थान सांगता येण्याची आशा नाही. युरेनसची एक प्रदक्षिणा 84 वर्षांची आहे हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या उत्तराचा अर्थ स्पष्ट होतो. स्वतःच्या विरुद्ध जाणारे हे पत्र एअरीने लपवले नाही, वृत्तांताच्या आरंभीच ठेवले. तो अप्रामाणिक होता असा आक्षेप घेणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

वृत्तांताचा खरा गाभा मात्र एका छोट्या पत्रात आहे. 21 ऑक्टोबर 1845 रोजी ॲडम्स ग्रिनिचला दोनदा गेला, दोन्ही वेळा त्याची एअरीशी भेट झाली नाही आणि तो एक कागद ठेवून परतला. त्या कागदावर कल्पित ग्रहाचे मध्यम अंतर, भोग, उत्केंद्रता, वस्तुमान आणि वेधांशी राहिलेल्या फरकांची यादी होती. रीत नव्हती. 5 नोव्हेंबरला एअरीने उत्तर लिहिले आणि सभ्य शब्दांत एकच प्रश्न विचारला: ह्या कल्पित ग्रहाने युरेनसच्या मंदकर्णातील, म्हणजे सूर्यापासूनच्या अंतरातील, चूकही दुरुस्त होते काय? ॲडम्सने उत्तर दिले नाही.

हा प्रश्न क्षुल्लक होता की मूलगामी, ह्यावर बरेच लिहिले गेले आहे. एअरीच्या बाजूने पाहिले तर तो आकस्मिक नव्हता. युरेनसचे प्रत्यक्ष अंतर कोष्टकांतील अंतरापेक्षा अधिक आहे हे त्याने स्वतः वेधांवरून दाखवले होते, आणि इतक्या दूर गुरुत्वाकर्षणाचा व्यस्तवर्ग नियम तंतोतंत चालतो की नाही ह्याविषयी त्याच्या मनात शंका होती. नियमातच खोट असेल तर भोगातील चूक एखाद्या काल्पनिक ग्रहाने जुळवता येईल, पण अंतर जुळेलच असे नाही. म्हणून त्याच्या दृष्टीने ही निर्णायक कसोटी होती. ॲडम्सची स्थिती उलट होती. नियम खरा मानूनच ज्याने गणित केले त्याला भोग जुळल्यावर अंतर जुळणे ओघानेच येते, त्यामुळे प्रश्नात काही उरत नाही. तेव्हा दोघेही आपापल्या जागी चूक नव्हते. ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे शोधत होते, आणि एका ओळीच्या प्रश्नातून हा भेद उघड होण्याचा संभव नव्हता. टीकाकारांनी ॲडम्सच्या मौनाला आळस किंवा मानभंग आणि एअरीच्या प्रश्नाला तुसडेपणा अशी नावे दिली आहेत. पत्रे स्वतः ह्यांपैकी कशालाच पुरेसा आधार देत नाहीत.

हाच प्रश्न एअरीने पुन्हा विचारला, हा वृत्तांतातील सर्वांत बोलका भाग आहे. ल व्हेरिएचा 1 जून 1846 चा निबंध हाती आल्यावर एअरीला दिसले की, ॲडम्सने ठेवलेले स्थान आणि पॅरिसहून आलेले स्थान ह्यांत सुमारे एका अंशाचेच अंतर आहे. 26 जूनला त्याने ल व्हेरिएला मंदकर्णाविषयी विचारले. 28 जूनला उत्तर लिहून झाले होते. अंतराची दुरुस्ती सिद्धान्तातून आपोआप निघते, असे ल व्हेरिएने निःशंकपणे सांगितले, आणि एअरीला विश्वास वाटत असेल तर ग्रहाचे अधिक अचूक स्थान कळवण्याची तयारीही दाखवली. एकच प्रश्न, दोन माणसे. एकाकडून दोन दिवसांत उत्तर, दुसऱ्याकडून वर्षभर काही नाही. वृत्तांत वाचणाऱ्याच्या मनात ही तुलना आपोआप उभी राहते. एअरीने ती शब्दांत मांडलेली नाही, आणि मांडण्याची गरजही नव्हती. तारखांचा क्रम हेच त्याचे वकीलपत्र आहे.

परंतु नेमक्या ह्याच ठिकाणी मांडणीचा दोषही दिसतो. 26 जूनच्या पत्रात एअरीने ल व्हेरिएला ॲडम्सचे नावही कळवले नाही. आपल्यापाशी आठ महिन्यांपासून जवळपास तेच उत्तर आहे, ही बातमी त्याने ज्याला सांगायला हवी होती त्याला सांगितली नाही. तीनच दिवसांनी, 29 जूनला, ग्रिनिचच्या पर्यवेक्षक मंडळाच्या सभेत मात्र नवा ग्रह लवकरच सापडण्याचा मोठा संभव त्याने हर्शेल आणि केंब्रिजचा चॅलिस ह्यांच्या समक्ष बोलून दाखवला. ल व्हेरिएच्या देकाराला त्याने प्रतिसाद दिला नाही. आपण लवकरच युरोपच्या प्रवासास निघणार होतो, असे कारण तो देतो. 9 जुलैला चॅलिसला केंब्रिजच्या नॉर्थंबरलंड दुर्बिणीने शोध घेण्याची विनंती केली, आणि 13 जुलैच्या पत्रात हे काम लांबणीवर टाकता येण्याजोग्या कोणत्याही कामापेक्षा महत्त्वाचे असल्याचे बजावले. म्हणजे परिचितांच्या वर्तुळात पत्रे वेगाने फिरत होती. वर्तुळाबाहेरच्या मनुष्याला मात्र त्यांची दारे बंद होती. रॉबर्ट स्मिथ ह्याने 1989 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात केंब्रिजशी संबद्ध मंडळींच्या ह्या जाळ्याचा सविस्तर विचार केला आहे, आणि तो वाचल्यावर वृत्तांतातील मौने व्यक्तींची कमी व मंडळाची अधिक वाटू लागतात.

चॅलिसचा भाग वृत्तांतात करुण म्हणावा असा आहे. 29 जुलैला त्याने शोध आरंभला, 30 अंश लांब आणि 10 अंश रुंद पट्टा तारका नोंदवत पिंजण्याची योजना होती. 4 आणि 12 ऑगस्टला ग्रहाचे स्थान त्याच्या वहीत नोंदवले गेले, पण नोंदींची तुलना करणे राहून गेले. बर्लिनला गाल्लेच्या हाती ल व्हेरिएचे 18 सप्टेंबरचे पत्र 23 ला पडले, आणि त्याच रात्री द'अरे ह्याच्या सूचनेवरून ब्रेमिकरचा ताजा तारकानकाशा समोर ठेवून ग्रह सापडला, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत. जे काम नकाशाने एका रात्रीत झाले ते केंब्रिजला नकाशाअभावी महिनोन्‌महिने चालले होते.

शोध झाल्यावर एअरीने तो एका व्यक्तीचा पराक्रम नसून युगाची चळवळ आहे, असे वृत्तांतात सुचवले. कल्पना मोठी आहे आणि काही अंशी खरीही आहे. परंतु ज्याच्यावर विलंबाचा आरोप आहे त्याच्या तोंडी ती सोयीची ठरते, हेही दृष्टीआड करता येत नाही.

वृत्तांत वाचून झाल्यावर पाच दिवसांनी, 18 नोव्हेंबरला, ॲडम्सने एअरीला जे पत्र लिहिले ते ह्या पत्रव्यवहारातील सर्वांत मानवी पत्र होय. उत्तर न दिल्याबद्दल तो मनापासून खेद व्यक्त करतो. गणित सुधारून पुन्हा मांडण्याचा विचार होता असे सांगतो. पुढे लिहितो की, दुसऱ्या खेपेस भेट न झाल्याने वाईट वाटले, कारण अर्ध्या तासाच्या बोलण्याने जे स्पष्ट झाले असते ते अनेक पत्रांनी होणार नव्हते, आणि पत्रे लिहिण्यात आपल्याला नेहमीच एक विलक्षण अडचण वाटत आली आहे. ज्या माणसाच्या हाती वेधशाळेचा सारा कारभार पत्रांनी चालत होता, त्याला हे वाक्य कसे वाटले असेल? महिन्याभराने, 21 डिसेंबरला, चॅलिसला लिहिताना एअरी म्हणतो की, ॲडम्सच्या मौनाने पुढच्या साऱ्या व्यवहाराला अडसर घातला आणि आपल्याला पुन्हा लिहिणे अशक्य झाले. पत्राला उत्तर येईपर्यंत दुसरे पत्र जाऊ शकत नाही, हा त्याचा शिष्टाचार त्याने नियमासारखा पाळला. दोन सज्जनांमधला हा अडसर एका ग्रहाएवढा ठरला.

ग्रिनिचची नेपच्यूनविषयक मूळ संचिका अनेक वर्षे बेपत्ता होती. ती 1998 मध्ये चिलीत, ऑलिन एगन ह्या ज्योतिर्विदाच्या मृत्यूनंतर त्याच्या कागदपत्रांत सापडली. तिच्या आधारे वृत्तांतातील उतारे मूळ पत्रांशी ताडून पाहणे शक्य झाले. ज्या विद्यार्थ्यांना एअरीची निवड तपासायची आहे त्यांनी तेथूनच आरंभ करावा. ॲडम्सच्या बाजूचाही एक कागद उशिरा उजेडात आला. कॉर्नवॉलमधील त्याच्या कुटुंबाच्या संग्रहातील तो कागद 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. एअरीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून आरंभलेला हा मसुदा अपुराच राहिला आहे. त्यावरची तारीख 13 नोव्हेंबर 1845 ही आहे.