खमणाची जाळी

खमणाला आपण दाद देतो ती मऊपणाबद्दल. खरी दाद द्यायला हवी त्याच्या जाळीला. बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या मराठी घरांत खमण केव्हाच घरचं झालं. 1896 सालच्या चिमणाबाई टॉवरच्या आसपास राहणाऱ्यांना तरी त्याची ओळख करून द्यायला नको.

नायलॉन खमणाचा तुकडा उभा कापून बघा. भोकं बारीक, जवळजवळ एकसारखी. बेसनात लिंबाचा रस किंवा लिंबूसत्त्व आधीच मिसळलेलं असतं. सोडा पडला की दोघांच्या गाठीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो. हा जोर फार वेळ टिकत नाही. म्हणून पाणी आधी उकळत ठेवायचं आणि सोडा घालून फेटलं की भांडं लगेच वाफेवर चढवायचं. बेसनात गव्हासारखं ग्लुटेन नाही. वाफेने प्रथिनं आणि स्टार्च घट्ट होईपर्यंत बुडबुडे टिकले तर टिकले, नाहीतर खमण बसलंच. तुकड्यात कुठे लालसर ठिपका दिसला, तर सोडा नीट मिसळला नाही असं खुशाल समजावं: क्षाराशी गाठ पडली की हळद लाल होते. तेवढ्या घासाला साबणाची चव येते.

आता वाटी दाळचं खमण घ्या. हरभऱ्याची डाळ भिजवून, रवाळ वाटून, रात्रभर आंबवलेली. इथली जाळी ओबडधोबड: एक भोक मोठं, शेजारी तीन बारीक, मधे डाळीचा कण. हल्ली यातही चिमूटभर सोडा पडतो, पण आधीचं काम जिवाणूंचंच. वायू तोच, कार्बन डायऑक्साइड. फरक आहे तो मागे काय उरतं यात. जिवाणू लॅक्टिक आम्ल ठेवून जातात, त्यामुळे आंबटपणा डाळीतच मुरतो, घास गिळल्यावरही जिभेवर रेंगाळतो. नायलॉन खमणाचा आंबटपणा वरून घातलेला. त्याला साखरपाण्याच्या फोडणीचा आधार लागतो. मला वाटी दाळचंच खमण सरस वाटतं, आणि त्यासाठी रात्रभर थांबायची माझी तयारी असते.

बडोद्याच्या शेवउसळीबरोबरचा पाव मात्र वेगळ्या जातीचा. तिथे यीस्ट वायू सोडतं आणि मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जाऊन तो धरून ठेवतं. भोकांच्या भिंती लवचीक होतात. म्हणून पाव तरी पिऊनही अखंड तोंडापर्यंत येतो. खमण त्याच तरीत बुडवलं तर वाटीतच विरघळून जाईल.