बेतलेल्या वस्तूची समीक्षा : मुंबईतील विळीच्या निमित्ताने

१

मराठी सौंदर्यविचारात उपयुक्त वस्तूला नेहमीच दुय्यम स्थान मिळाले आहे. कविता, चित्र व संगीत यांच्या चर्चेत खुर्ची, भांडे किंवा हत्यार यांचा उल्लेख येतो तो बहुधा दृष्टान्तापुरता. कला म्हणजे काय हे सांगण्याआधी कला काय नव्हे ते दाखविण्यासाठी. या वस्तूंचा अभ्यास समाजशास्त्राकडे, वस्तुसंग्रहालयांकडे आणि कोशकारांकडे सोपविला गेला. त्या शास्त्रांनी वस्तूंची नोंद केली. परंतु अमुक वस्तू चांगली आणि तमुक वाईट असा निवाडा देणे हे त्यांचे काम नव्हते. निवाडा हा समीक्षेचा प्रांत, आणि समीक्षा तेथे फिरकली नाही.

ही उणीव तपासण्यासाठी विळीचे उदाहरण विशेष सोयीचे आहे. ती कलावस्तू असल्याचा दावा कोणी केलेला नाही. गिरगावच्या वाड्यांपासून लालबाग-परळच्या चाळींपर्यंत ती घरोघरी होती. आणि मुख्य म्हणजे ती एका विशिष्ट हातासाठी, विशिष्ट बैठकीसाठी घडविता येणारी वस्तू होती. अशा वस्तूला मराठीत नेमके विशेषण आहे : बेतलेली. शिंपी कापड अंगावर बेततो, त्याच अर्थाने चांगली विळी वापरणारीच्या शरीरावर बेतलेली असते. हा बेत हेच तिच्या गुणवत्तेचे मर्म होय आणि रूढ सौंदर्यशास्त्राच्या निकषांतून नेमका तोच निसटतो, हे दाखविणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

विळीची रचना सर्वांच्या परिचयाची असली तरी तिचे तत्त्व क्वचितच लक्षात घेतले जाते. सुरीत पाते फिरते आणि पदार्थ स्थिर राहतो. विळीत पाते स्थिर असते आणि पदार्थ फिरतो. आडवा लाकडी पाट, त्यावर उभे केलेले व आतल्या बाजूने धार असलेले बाकदार पाते, आणि पुष्कळदा पात्याच्या टोकाशी नारळासाठी दातेरी खवणी, एवढाच हा संसार. चिरणारी व्यक्ती जमिनीवर बसते, एका पायाने पाट दाबून धरते आणि दोन्ही हातांनी भाजी धारेवर सारते. म्हणजे विळीला मूठ नसते. बसलेले शरीर हीच तिची मूठ. बंगालची बोटी, कर्नाटकातील ईळिगे मणे, तमिळनाडूतील अरिवाळमणै ही याच तत्त्वावरची भावंडे होत. ईळिगे आणि विळी यांतील नादसाम्य मोहात पाडणारे आहे. परंतु केवळ नादावरून व्युत्पत्ती ठरविणे धोक्याचे, म्हणून त्याचा येथे उल्लेखच पुरे.

या तत्त्वातून घडणीच्या अटी आपोआप निघतात. पाट अरुंद असेल तर पाऊल नीट टेकत नाही. हलका असेल तर फणसासारख्या चिवट फळाला जोर लावताच तो उचलला जातो. पाते फार उंच असेल तर खांदे उचलून चिरावे लागते, फार बुटके असेल तर पाठ वाकते. कोथिंबीर बारीक चिरणारीला पातळ, हलके पाते हवे असते. सुरण कापणारीला जाड पाठीचे. कोळणीच्या मासळी कापण्याच्या विळीला तर आणखी जड पाट व दणकट पाते लागते, कारण तिला काट्याशी झुंजावयाचे असते. मालवणी घरातील आडाळो आणि देशावरची विळी यांतील फरक केवळ नावाचा नाही. एकीच्या दिवसात ओला नारळ व मासे आहेत, दुसरीच्या दिवसात पालेभाजी व कांदा अधिक आहे.

पात्याची घडण हा या कारागिरीचा सर्वांत कठीण भाग. लोखंड तापवून, ऐरणीवर ठोकून बाक आणता येतो. परंतु धार टिकण्यासाठी पोलाद लागते आणि पोलादाला पाणी द्यावे लागते. लालबुंद पाते एकदम थंड केले की ते कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा मंद तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करावा लागतो. या वेळी घासलेल्या पृष्ठभागावर प्रथम फिकट पिवळी, मग तपकिरी-जांभळी आणि शेवटी निळी छटा चढत जाते. कोणत्या छटेवर थांबावयाचे हा लोहाराच्या नजरेचा निर्णय. लवकर थांबला तर पाते झडते, उशिरा थांबला तर धार बसते. शहरातील लोहारांनी मोटारींच्या जुन्या कमान-पाट्यांचे पोलाद वापरावयास सुरुवात केली. साहित्य बदलले, निर्णय मात्र तोच राहिला.

भाषेने या निर्णयाची साक्ष जपली आहे. हत्याराला ‘पाणी’ देतात. तीक्ष्ण करणे म्हणजे ते ‘पाजवणे’. आणि ‘धार’ हा शब्द तर प्रवाह व कड या दोन्ही अर्थांनी संस्कृतातील ‘धारा’ शब्दापासूनच चालत आला आहे. अग्नीत घडणाऱ्या वस्तूचा सारा गुण मराठीने पाण्याच्या शब्दांत सांगावा, ही गोष्ट नुसती अलंकारिक नाही. कारागिराच्या दृष्टीने भट्टी ही तयारी आहे. कस लागतो तो पाण्याच्या क्षणी.

३

आता रूढ निकष लावून पाहू. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात मांडलेली संवाद, विरोध व समतोल ही लयतत्त्वे विळीला लावता येतात. आडवा पाट आणि उभे पाते यांत विरोध आहे. पात्याचा बाक त्या विरोधाला वळण देतो. जड पाट व निमुळते टोक यांत समतोल आहे. हे विवेचन खोटे नाही, पण ते धारेपाशी येऊन थांबते. कारण धार दिसत नाही. दोन विळ्या डोळ्यांना तंतोतंत सारख्या दिसूनही एक उत्तम व एक निकामी असू शकते. ज्या गुणावर वस्तूचे श्रेष्ठत्व अवलंबून आहे तोच गुण इंद्रियगोचर आकृतीबाहेर राहत असेल, तर आकृतिनिष्ठ समीक्षेला येथे मर्यादा पडते असे म्हणावे लागते.

रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथाने मराठी वाचकाला कांटच्या सौंदर्यविचाराचा सविस्तर परिचय करून दिला. कांटने स्वायत्त आणि परायत्त असे सौंदर्याचे दोन प्रकार मानले. दुसऱ्या प्रकारात वस्तूच्या प्रयोजनाची कल्पना गृहीत असते. विळी उघडच दुसऱ्या प्रकारात मोडते. पण येथेही एक अडचण आहे. ‘चिरणे’ हे प्रयोजन सर्व विळ्यांना समान आहे आणि ते सुरीलाही लागू आहे. चांगल्या विळीचे प्रयोजन जातिवाचक नसते, व्यक्तिवाचक असते : या बाईने, या जमिनीवर, या पद्धतीने बसून, या घरचे जेवण रांधण्यासाठी चिरणे. संकल्पना जेथे संपते तेथे बेत सुरू होतो.

जपानचे विचारवंत सोएत्सू यानागी यांनी १९२० नंतरच्या दशकात लोककारागिरीच्या सौंदर्याचा पक्ष मांडला आणि १९३६ मध्ये तोक्यो येथे त्यासाठी संग्रहालय उभे केले. अनामिक कारागिराने रोजच्या वापरासाठी, पुनःपुन्हा घडविलेल्या वस्तूंत त्यांना श्रेष्ठ सौंदर्य दिसले. या भूमिकेने उपयुक्त वस्तूला प्रतिष्ठा दिली हे खरे. परंतु तिचा भर घडविणाऱ्यावर व त्याच्या निरहंकारावर आहे. विळीच्या संदर्भात निर्णायक व्यक्ती वापरणारी आहे. लोहार घडवितो, सुतार पाट करतो, शिकलगार धार लावतो. पण विळी पूर्ण होते ती वापरात, आणि तिचा निवाडाही तेथेच होतो.

४

हा निवाडा शब्दरूप होता, हे विसरता कामा नये. ‘पाट डुगडुगतो’, ‘पाते हलते’, ‘धार उतरली’, ‘हाताला बसली आहे’ ही वाक्ये तक्रारीची किंवा कौतुकाची वाटतात; वस्तुतः ती समीक्षेची वाक्ये आहेत. प्रत्येकात एक निकष आहे : स्थैर्य, जोडणीतील घट्टपणा, पोलादाचा टिकाऊपणा, शरीराशी मेळ. लोहाराकडे पाते परत नेऊन ‘जरा आत वळव’ असे सांगणारी गृहिणी समीक्षकाचेच काम करीत होती, आणि तिचा अभिप्राय पुढच्या घडणीत उतरत होता. साहित्यसमीक्षेला आपल्या लेखकावर एवढा परिणाम क्वचितच साधता येतो.

गावात या संबंधाला बलुत्याची चौकट होती. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गांव-गाडा’ (१९१५) या ग्रंथात त्या व्यवस्थेचे आणि तिच्यातील ताणांचे सविस्तर वर्णन आहे. लोहार हक्काचा होता. त्याच्याकडे वस्तू दुरुस्तीला नेणे हा व्यवहाराचाच भाग होता. कोकणातून आणि घाटावरून गिरणीत आलेल्या कुटुंबांनी गावची विळी अनेकदा बरोबर आणली, लोहार मात्र मागे राहिला. मुंबईत त्याची जागा रोख पैशावर काम करणाऱ्या कारागिराने आणि दारोदार फिरणाऱ्या धारवाल्याने घेतली. आज विजेच्या सामानासाठी प्रसिद्ध असलेल्या लोहार चाळीचे नाव तेवढे जुन्या धंद्याची आठवण देत उभे आहे.

शहराने बेतही बदलला. १९२० च्या दशकात नायगाव, वरळी, शिवडी आणि आजचा ना. म. जोशी मार्ग येथे उभ्या राहिलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. त्यातच स्वयंपाक, झोप आणि पाहुणा. अशा खोलीत काम संपताच पाते पाटावर मिटणारी विळी ही चैन नव्हती. रांगणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ती गरज होती. याउलट गिरणगावातील खाणावळीत तीच वस्तू उपजीविकेचे साधन झाली. घरगुती विळी दिवसातून दोनदा बाहेर निघे. खाणावळवालीची विळी तासन्‌तास चाले. तिचा पाट रुंद आणि पाते जाड असणे हा रुचीचा नव्हे, पोटाचा प्रश्न होता. याच खाणावळवाल्या स्त्रियांना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरण्यांबरोबर हे जगही ओसरत गेले.

५

येथे एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे, आणि तो गंभीर आहे. विळी शरीराशी मेळ राखते हे मान्य केले, तरी ते शरीर कोणाचे? बहुतेक वेळी स्त्रीचे. आणि जमिनीवरची बैठक तिने निवडलेली नसून तिच्यावर पडलेली होती. दादर-माटुंग्याच्या बाजूला १९३० नंतर उठलेल्या इमारतींत आणि पुढे सर्वत्र उभ्याचा ओटा आला, तेव्हा कितीतरी स्त्रियांच्या गुडघ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. मग विळीचा बेत म्हणजे एका बंदिस्त जीवनाचाच बेत नव्हे काय?

हा आक्षेप अंशतः स्वीकारलाच पाहिजे. घडविणाऱ्या लोहाराला गावगाड्यात मिळालेले स्थान आणि वापरणारीला घरात मिळालेले स्थान, यांकडे पाठ फिरवून केलेले विळीचे कौतुक हे भाबडे स्मरणरंजन ठरेल. परंतु आक्षेप वस्तूच्या बैठकीला लागू पडतो, निकषाला नव्हे. ओट्यावर स्क्रूने घट्ट बसणारी विळी बाजारात आली, तेव्हा बैठक गेली आणि बेताची शक्यता उरली होती. प्रत्यक्षात मात्र सर्व उंचीच्या स्त्रियांसाठी एकाच उंचीचा ओटा आणि एकाच मापाची विळी असा प्रकार घडला. गंजरोधक पोलादाचा शोध १९१३ मध्ये शेफील्डमध्ये लागला आणि पुढे घराघरांत पोचला. त्याने कैरी, केळफूल चिरताना पाते व फोडी काळ्या पडण्याचा त्रास घालविला, हा निःसंशय लाभ होय. पण छापाने कापलेले पाते घेऊन ‘जरा आत वळव’ म्हणावयास जाण्याची जागा उरली नाही. धार उतरली की विळी बदलावयाची, असा रिवाज पडला. स्त्री जमिनीवरून उठली हे इष्टच झाले. मात्र उठताना तिच्या हातून समीक्षकाचा अधिकार गेला, याची नोंद कोणी घेतली नाही.

६

या हानीची भरपाई म्हणून पितळी मोराच्या, नक्षीच्या पाटाच्या विळ्या दिवाणखान्यात मांडल्या जातात. त्यांतील शोभा नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या विळीची धार पारखली जात नाही, ती जतन केली म्हणजे कारागिरी जतन झाली असे मानणे चुकीचे आहे. नक्षी हा विळीचा सर्वांत सहज जपता येणारा आणि म्हणूनच सर्वांत कमी महत्त्वाचा भाग होय. संग्रहालयाच्या काचेआड पात्याचा बाक राहतो. तो बाक कोणाच्या खांद्यासाठी होता हे राहत नाही.

बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर देण्याची योजना आहे. सामान हलविताना काय न्यावे व काय टाकावे याचा निर्णय घरोघरी होईल, आणि पुष्कळ विळ्या भंगारात जातील. त्या वाचविणे हे विद्यापीठाचे काम नव्हे. परंतु त्यांच्यासंबंधी ज्या शब्दांत निवाडा दिला जात असे ते शब्द, ते उच्चारणाऱ्या स्त्रिया हयात आहेत तोवर, टिपून घेणे हे मराठीच्या अभ्यासकाचे काम निश्चितच आहे. कोशात विळीचा अर्थ मिळेल. विळी चांगली केव्हा, हे मात्र ती वापरणारीच सांगू शकेल. आणि मराठी समीक्षेने आजवर तिला ते विचारलेले नाही.